आठवीचा भाग

३ फेब्रुवारी

ज्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं आणि ज्यांचा आवाज कधीच घेतला गेला नाही, अशा शेवटच्या रांगेतल्या सर्वांनो—

भाषणाची पहिली ओळ. झकास जमली आहे. आणि ती मला म्हणता येणार नाही.

सकाळी पहिलीचा फोन. साठी उलटली तरी आम्ही एकमेकींना आकड्यानंच हाक मारतो. कॉलेजात ज्या आवाजाची जी, तो तिचा आकडा. ती पहिली, मी आठवी. ‘आठजणी’ला चाळीस वर्षं झाली. अठ्ठावीस तारखेला कॉलेजच्या सभागृहात सोहळा. माजी मुली येणार, आकड्यांप्रमाणे रांगांत बसणार. पहिल्या आवाजाच्या पुढे, आठव्या आवाजाच्या सगळ्यांत मागे.

“मुख्य भाषण तुझं. विषय वारसा. वीस मिनिटं, जास्त नको, तू सुटलीस की थांबत नाहीस. शेवटी आपण उरलेल्या सगळ्या स्टेजवर, आताच्या मुलींबरोबर आपलं गाणं.”

“मी पण?”

“उभी राहा गं. नेहमीसारखी.”

नेहमीसारखी!

टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बावीस संघटनेची सरचिटणीस म्हणून. फाटकासमोर स्टुलावर उभी राहून हजार हजार माणसांना सांगितलं, तोंड उघडा, तुमच्या वतीनं दुसरं कुणी बोलणार नाही. माणसांनी उघडली तोंडं. काहींच्या नोकऱ्या गेल्या त्यापायी. कपाटभर पुस्तकं वाचली ती याचसाठी, की बोलणाऱ्याला शब्द कमी पडू नयेत.

लिहूनच टाकते. इथे तरी. ‘आठजणी’त सातजणी गात होत्या. आठवी, म्हणजे मी, चार वर्षं फक्त ओठ हलवत होते.

लिहिलं. कुणी वाचणार नाही ना, म्हणून.


४ फेब्रुवारी

कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक दगडी जिना होता. सातच पायऱ्या, वर कायम बंद असलेलं दार. तिथे आवाज असा घुमायचा की एक मुलगी गायली तर चार गातायत असं वाटे. तो जिना पहिलीनं शोधला. काय कान होता तिचा! वाद्य एकही नको, नुसत्या गळ्यांचा मेळ बांधायचा, हे खूळ तिचंच. एकेका पायरीवर एकेक मुलगी, पायाशी खडूनं आकडा. सगळ्यांत वर उंच आवाज, खाली येत येत खोल.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा नियम निघाला, समूहगान म्हणजे किमान आठ. तिच्या सात झाल्या होत्या. मी त्या आठवड्यात वादविवादाची ढाल जिंकून आलेली. तिनं मला ग्रंथालयातून दंडाला धरून नेलं आणि जिन्याच्या खाली, जमिनीवर उभं केलं. पायऱ्या संपल्या होत्या.

“गा.”

गायले. पाचवी तोंडात रुमाल कोंबून हसत होती. पहिली हसली नाही. एवढं मात्र खरं, ती मला कधीच हसली नाही. म्हणाली, “तुझा सूर सरकतो. पंधरा दिवसांत नाही बसायचा. पण तू बोलतेस तेव्हा माणसं गप्प होतात. गाण्याआधी तू बोल. गाणं सुरू झालं की ओठ हलव. आठ लागतात.”

“आणि स्पर्धेनंतर?”

“शिकवीन ना.”

जिंकलो. त्यानंतर शिकवायला वेळ कुणाला होता? रेडिओवर बोलावणं आलं. मग शेजारची तीन गावं, मग तीस. कारखान्यांच्या जेवणघरात गायलो, इस्पितळाच्या व्हरांड्यात गायलो, एकदा वीज गेलेल्या सभागृहात दोन तास गायलो आणि माणसं खुर्च्या सोडून जमिनीवर जवळ येऊन बसली. टेप निघाली. मुली आमच्यासारखे केस कापू लागल्या. वर्तमानपत्रातल्या एका जाणकारानं लिहिलं, ‘आठवीचा खर्ज ऐकू येत नाही, तो जाणवतो.’ त्या दिवशी जिन्यावर हसून हसून सहावीला ठसका लागला. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

पहिलीचे दोन नियम होते. एक, गाणं लिहायचं नाही. कॉलेज सोडताना प्रत्येकीनं नव्या मुलीला जिन्याखालच्या खोलीत न्यायचं आणि आपला भाग तिच्या कानात द्यायचा. दुसरा, जिन्यावरचं जिन्यावर. म्हणजे बाहेर एक अक्षर नाही.

दुसरा नियम माझ्यासाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं.


५ फेब्रुवारी

भाषणाचे तीन मसुदे झाले. तिन्ही सुंदर. तिन्ही खोटे.


७ फेब्रुवारी

तिसरा मसुदा ताईनं परस्पर उचलला आणि लाल पेन्सिल घेऊन बसली. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली तिनं. यंत्रांच्या गदारोळात सगळ्यांची डोकी उठायची, हिची नाही. पाचव्या वर्षी तापात कान गेले ते गेलेच. ओठ वाचते. मुंगीच्या तोंडचंही वाचेल. फक्त प, ब आणि म तिला ओठांवर एकच दिसतात, त्याला इलाज नाही.

लहानपणी आई तिला म्हणाली, मामा येणार. हिनं वाचलं, बाबा येणार. बाबा तेव्हा दूरगावी नोकरीला. हिनं नवा फ्रॉक घातला आणि दुपारभर पायरीवर बसून राहिली. मामा आला, चॉकलेट घेऊन. हिनं चॉकलेट घेतलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात काहीही नक्की नसलं की विचारतात, मामा की बाबा? भाजी गॅसवर आहे की उतरवली, मामा की बाबा? डॉक्टर काय म्हणाले, मामा की बाबा?

तर मसुदा. तिनं एका वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ‘आम्ही आठजणी एका श्वासात गायलो.’

“काय चुकलं?”

“काही नाही. वाक्य शुद्ध आहे.” तिचा तो सपाट, जरा मोठा आवाज.

“मग प्रश्नचिन्ह कशाला?”

“छापखान्यात तसं करतात, धाकटे. मजकूर शुद्ध असतो, पण लेखकाला विचारून घ्यावं म्हणून.”

आणि चहा टाकायला गेली. माझ्याकडे पाठ केली की तिच्याशी बोलता येत नाही. तिला हे चांगलं ठाऊक आहे.


१० फेब्रुवारी

आता हे नवीन. सोहळ्यासाठी जुनी टेप साफ करून पुन्हा काढायची आहे. त्या कामावरच्या ध्वनिमुद्रकाचा फोन. बिचारा फारच अदबशीर.

“मॅडम, हल्ली प्रत्येक आवाज सुटा करता येतो. सात मिळाले. तुमचा मिळत नाहीये. चूक माझीच असणार. तीन दिवस शोधतोय.”

मी म्हटलं, जुनी टेप आहे, असेल काहीतरी.

“खर्ज होता ना तुमचा? मी वाचलंय, तो जाणवतो म्हणून. पण मला जाणवतही नाही.”

काय बोलणार? मालकाशी, मंत्र्याशी, पोलिसाशी बोलले आयुष्यात. या माणसाला ‘बघते’ म्हणून फोन ठेवला.

अर्ध्या तासात पहिलीचा फोन. तिच्यापर्यंत गेलंच होतं. “जाऊन गाऊन ये. चार ओळी. तो यंत्रानं सूर ओढून जागेवर बसवतो आता. तुला तेव्हा शिकवायचं राहिलं, असं समज की आता फेडलं.”

म्हणजे चाळीस वर्षांनी मला गायला मिळणार. खोटं खरं करण्यासाठी.


१३ फेब्रुवारी

गेले.

चार पावलांची खोली. भिंतींना काळा स्पंज, दार बंद झालं की कानांत दडे बसल्यासारखं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. कानांवर हेडफोन चढवला आणि त्यानं गाणं सोडलं.

सातजणी. वीस-बावीस वर्षांच्या. तिसरी गेली, सहावी गेली, आणि त्या दोघी माझ्या डाव्या कानात गात होत्या. सहावी श्वास घेताना किंचित शीळ घातल्यासारखा आवाज करायची, तोसुद्धा. गाण्यापूर्वीचं माझं बोलणं आलं. काय तो आत्मविश्वास! ‘आम्ही आठजणी’ म्हणते ती मुलगी, ठणकावून. त्या मुलीला धरून हलवावंसं वाटलं.

मग माझी जागा आली. त्यानं बोट वर केलं. मी तोंड उघडलं.

पहिलं कडवं. दुसरं. त्यानं थांबवलं. आवाज आला, “मॅडम, जरा जवळ या. ओठ हलताना दिसतायत, आवाज येत नाहीये.”

पुन्हा. पुन्हा तेच. मी गात होते असं मला वाटत होतं, देवाशपथ. गळ्यातून वाराही निघाला नाही.

“तार तपासतो,” म्हणाला, आणि खरंच वाकून तार तपासू लागला. मला बाहेर पडायचं होतं. दाराला आतून मूठच नव्हती. काचेवर हात आपटला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

पंचवीस तारखेवर ढकललंय. “घसा बसला असेल,” म्हणाला. बसलाय खरा. कधीपासून ते त्याला काय सांगू.


१४ फेब्रुवारी

पहिली स्वतः आली घरी. गुडघे दुखतात तरी तीन मजले चढून. धापा टाकत खुर्चीत बसली. ताईनं पाणी दिलं आणि मुद्दाम आमच्या दोघींची तोंडं दिसतील अशा जागी मटार सोलत बसली. पहिलीनं खुर्ची वळवली.

“तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळतं. भाषणात सांगून मोकळी होणार आहेस.”

“झाले तर?”

“हो ना. टाळ्याही पडतील. धाडसी बाई म्हणतील. तुला सवयच आहे त्याची. आणि मागे कोण उरेल? चाळीस वर्षांतल्या सगळ्या मुली. त्या पायऱ्यांवर आता पितळी आकडे बसवलेत. मुली परीक्षेला जाताना हात लावून जातात. नाव काय आहे आपलं? आठजणी. तू उठून म्हणणार सातच होत्या. मग त्या सगळ्या कशाच्या वारस?”

“खोट्याच्या.”

“गाण्याच्या. गाणं खरं होतं की नाही?”

गाणं खरं होतं.

“मी तुला फसवलं नाही,” ती म्हणाली. “घेतलं. तू नसतीस तर आम्ही त्या जिन्यावरच राहिलो असतो. तू बोलायचीस म्हणून ऐकायला थांबायचे लोक.” मग उठता उठता, अगदी हळू, “जिन्यावरचं जिन्यावर. शब्द दिलायस.”

तिच्या ‘तुला सवयच आहे’नं घायाळ केलं. कारण खरं आहे. कबुलीचंही मी भाषण करीन, आवाज चढवीन, मधे नेमकी थांबेन. सांगितलं तरी अडकले, नाही सांगितलं तरी अडकले.


१५ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर पुस्तकं झटकली.


१७ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. एक उंच मुलगी, पाठीवर पिशवी, बूट बाहेर काढू की आत अशा विचारात.

“मी आठवी,” म्हणाली. मग जीभ चावली. “म्हणजे, नवी. तुम्ही थोरल्या. आम्ही तुम्हाला थोरली आठवी म्हणतो.”

बसवलं. ताईनं बिस्किटं पुढे केली. मुलीनं एक घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

“मला तुमच्याकडून सूर हवेत,” म्हणाली.

“कसले?”

“आठवीचे. माझ्या आधीच्या आठवीनं मला जिन्याखाली नेलं, तेव्हा शब्द दिले, ओठ कसे हलवायचे ते दिलं, कुठे श्वास घेतल्यासारखं करायचं ते दिलं. सूर दिलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, मलाही नव्हता मिळाला. तिच्या आधीचीला फोन केला, तिलाही नाही. मी एकविसावी आहे. मधे कुठेतरी कुणीतरी विसरलं असणार. मूळ सूर तुमच्याकडे असतील.”

मी बिस्किटांची बशी उगाच तिच्याकडे सरकवली.

“तू ओठ हलवतेस?”

“हो. आमची पहिली म्हणते, आठवी बोलते, गात नाही, परंपरा आहे. पण मला गाता येतं. खरंच येतं.” आणि तिथेच, बिस्किट हातात धरून, गाण्याची पहिली ओळ गायली. खोल, स्वच्छ, जमिनीवर पाय रोवल्यासारखा आवाज. स्वयंपाकघरातलं भांडं क्षणभर झणझणलं. ताईनं टेबलावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

आणि मी काय केलं? बावीस वर्षं सरचिटणीस!

“आठवत नाही गं मला,” म्हटलं. “खूप वर्षं झाली.”

तिनं बिस्किट खाल्लं. ‘चालेल’ म्हणाली. चालेल म्हणताना तिचा चेहरा पाहिला असता तर दगडाला पाझर फुटला असता.

आता ते लिहिते, जे इतकी वर्षं टाळलं. कॉलेजच्या शेवटच्या दिवशी मीही एका मुलीला जिन्याखाली नेलं होतं. झाडू, मोडके बाक. दार लावलं. तिनं कान पुढे केला. कानात काय देणार? सांगायची लाज वाटली. मी तिची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवला आणि सगळं गाणं नुसत्या ओठांनी म्हणून दाखवलं. ती बघत राहिली. संपल्यावर मान डोलावली. मला वाटलं, पुढच्या वर्षी कुणीतरी हिच्यासाठी खरा भाग बांधेल. मला वाटलं! नंतर एकदाही विचारलं नाही. दर दहा वर्षांनी सोहळ्याचं बोलावणं आलं, दर वेळी माझा मोर्चा निघाला.

मी समजत होते मी गप्प बसले. मी एकटीच गप्प नव्हते बसले. एकामागून एक वीस मुली गप्प बसवल्या.


१८ फेब्रुवारी

ताई आज तीनदा म्हणाली, “जेव.”


२२ फेब्रुवारी

सभागृहात तालीम. नव्या मुली आणि आम्ही उरलेल्या. ताई हट्टानं बरोबर आली, पहिल्या रांगेत मधोमध बसली, चष्मा पुसून. चाळीस वर्षांपूर्वीही तिथेच बसायची.

मी मुलीशेजारी उभी. ती डावीकडून आठवी, मी उजवीकडून. दोघी ओठ हलवतोय. पहिलीनं हात उचलला, शेवटचं कडवं झालं, मग सातही आवाज तो लांब ‘आ’ धरतात, सोळा मात्रा. सगळ्या सभागृहाच्या अंगावर काटा येतो तो तिथे.

घरी परतताना बसमध्ये ताई माझ्याकडे वळून बसली. तिला कुजबुजता येत नाही. सगळी बस ऐकत होती.

“ती मुलगी शेवटी ‘आ’ म्हणत नाही.”

“मग?”

“तुझंच वाक्य म्हणते.”

“माझं कुठलं?”

“विसरलीस? ‘आ’च्या वेळी तूही ‘आ’ करायची नाहीस. मी तेव्हा म्हटलंही होतं, हे बाकीच्या म्हणत नाहीत. ‘एक दिवस मी’ आणि पुढे एक शब्द. मी विचारलं होतं, मामा की बाबा?”

डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. हो. सोळा मात्रा त्या सगळ्याजणींनी सभागृह थरारून सोडायचं आणि मी तोंड वासून उभं राहायचं, तेव्हा संताप संताप व्हायचा. म्हणून मी रोज त्या जागी म्हणत असे, बिनआवाजी, ‘एक दिवस मी बोलणार.’ जिन्याखाली सगळं गाणं ओठांनी दिलं तेव्हा हेही दिलं गेलं. मला कळलंसुद्धा नाही.

“बोलणार,” मी म्हटलं. “शब्द बोलणार होता.”

“तिच्या ओठांवर मोडणार वाटला. सांगता नाही यायचं. ब नि म मला सारखेच, आणि मधलं अक्षर जिभेचं, ते लांबून कळत नाही.”

मग खिडकीबाहेर बघत, म्हणजे मी उत्तर देऊ नये अशा बेतानं, म्हणाली, “आणि दुसरं. ओठ वाचणारं माणूस गळाही बघतं, धाकटे. सातजणींचा हलायचा. तुझा नाही. तू सांगशील म्हणून थांबले होते.”

चाळीस वर्षं! मी तिच्या बाहीला धरून तिला वळवायला गेले. वळली नाही. पुढच्या सीटवरचा माणूस मात्र वळला.


२३ फेब्रुवारी

आज मीच कॉलेजात गेले. मुलीला जिन्याखालच्या खोलीत नेलं. अजून झाडू तिथेच आहेत, बाक नवे आहेत आणि तेही मोडलेत.

सांगितलं. सगळं. भाषण केलं नाही. तीन वाक्यांत झालं. सूर हरवला नाही, नव्हताच. मी गात नव्हते. तुला गप्प बसायला मी शिकवलं.

ती बाकावर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “म्हणजे मी काहीही गाऊ शकते? आठवीचा भाग बांधलेलाच नाही?”

हा विचार मला चाळीस वर्षांत शिवला नव्हता.

मग विचारलं, शेवटी काय म्हणतेस? ती लाजली. “ते गाण्यात नाही, पण आठवीचं आहे. प्रत्येकीला मिळतं. मोठ्यानं म्हणायचं नसतं, म्हणून ओठांनीच देतात.”

“म्हणून दाखव. आवाजात.”

“एक दिवस मी मोडणार.”

मोडणार. एकवीस तोंडांतून बिनआवाजी जाता जाता माझ्या बोलणारचं मोडणार झालं. मी वचन दिलं होतं, त्यांनी त्याची धमकी केली. त्यांचं जास्त बरं आहे.

“तुमच्या वेळीही हेच होतं?” तिनं विचारलं.

“साधारण,” म्हटलं.

तिच्याकडे आठव्यांची यादी आहे, सगळ्यांचे फोन. सोहळ्याला सतराजणी येतायत. एक शाळा चालवते, एक दंतवैद्य, एक बस चालवते. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मुलगी म्हणाली, “एकीनं सांगितलं, ती घटस्फोटाच्या अर्जावर सही करताना मनात हेच म्हणाली.”


२५ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रकाला फोन केला. म्हटलं, येत नाही. तुमची चूक नव्हती. टेपवर सातच आवाज आहेत, कारण सातच होते.

पलीकडे मोठा श्वास.

“मॅडम, मी मागच्या आठवड्यात कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. माझा विश्वास बसेना.”

हसू आलं. मग त्याची माफी मागितली. तो म्हणाला, नको हो, उलट बरं वाटलं. माझ्या खोटेपणानं एका भल्या माणसाचे कानसुद्धा खोटे पाडले होते.


२६ फेब्रुवारी

पहिलीला सांगितलं. तिचा आवाज बर्फ. “शब्द दिला होतास. जिन्यावरचं जिन्यावर.”

“सात पायऱ्या होत्या,” मी म्हटलं. “मी जमिनीवर होते. पायरीवर मी कधीच नव्हते, पहिले. तो नियम माझा नाही.”

फोन ठेवला असेल असं वाटलं. मग म्हणाली, “शिकवायला हवं होतं मी तुला.”

“हो.”

“शेवटचा ‘आ’ तरी मोडू नकोस.”

मी काही कबूल केलं नाही.


२८ फेब्रुवारी, दुपारी

वीस मिनिटांचं भाषण खणात टाकलं. सहा वाजता एवढंच म्हणणार आहे. ताईनं वाचलं. पेन्सिल हातात होती, कागदाला लावली नाही.

‘ज्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं आणि ज्यांचा आवाज कधीच घेतला गेला नाही, अशा शेवटच्या रांगेतल्या आठव्यांनो— मी तुमची थोरली. मी कधीच गायले नाही, आणि गप्प बसायला तुम्हाला मीच शिकवलं. आता गाणं सुरू होईल. शेवटच्या कडव्यानंतर हे सात आवाज ‘आ’ धरतील. सोळा मात्रा आहेत. तेव्हा उठून उभ्या राहा आणि आपलं वाक्य, जिला जसं मिळालं तसं, मोठ्यानं म्हणा.’